सभा मंगळवारी अकराला, मग पालक येणार कसे?

'पालकांना मुलांच्या अभ्यासात रसच नाही' हे एका लेखात वाचलेलं वाक्य खटकलं. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत पालकसभा मंगळवारी सकाळी अकराला. रोजी बुडवून कोण येईल जी? शिक्षण हक्क कायदा, २००९ नं अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक ठेवले, पण तो आठवीपर्यंतच. नववीपासून पालक म्हणजे गुणपत्रिकेवरची सही.

मागच्या वर्षी एका बाईंनी रविवारी संध्याकाळी बोलावलं. एका मुलीचे बाबा वायरमन. त्यांनी दोन बल्ब एकसर, म्हणजे एकाच तारेत एकामागे एक जोडले, दोन्ही मिणमिणले. समांतर, म्हणजे प्रत्येकाला वेगळी तार देऊन जोडले, तर लख्ख! नववीचा तो धडा माझ्या पोराला तेव्हा कळला. (मलाही, खोटं कशाला बोलू.) पुढच्या सभेला बाकं कमी पडली.