मानीव मालक होण्यापूर्वी

जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय सुरू करावा, आणि तोही रीतसर परवाना काढून करावा, अशी सदिच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन आणि पाठोपाठ सांत्वन. आपल्याकडच्या कोणत्याही शहराबाहेर पडताना हमरस्त्याच्या कडेला हिरवी जाळी, तिच्याखाली धुऊन-पुसून उभ्या केलेल्या दहा-पंधरा गाड्या आणि प्रत्येकीच्या काचेवर ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी’ ही पाटी दिसते. ही सर्व तीर्थक्षेत्रे दुकानाचा गुमास्ता परवाना, जीएसटीचा क्रमांक आणि मालकाचा गोड स्वभाव एवढ्याच भांडवलावर उभी राहिली आहेत. या राज्यात मोटार बाळगणारे इतके डॉक्टर कोठून आले, असा प्रश्न आपल्याला पडत असेल, तर हा व्यवसाय आपल्यासाठी नाही.

तरीही आपला निश्चय कायम असल्यास नियम समजून घ्यावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्याला प्राधिकारपत्र घेणे आवश्यक ठरवले. अर्ज नमुना २९-ए मध्ये करावयाचा, प्राधिकारपत्र नमुना २९-बी मध्ये मिळावयाचे, आणि त्याची मुदत ५ वर्षे. इथपर्यंत घाबरण्यासारखे काहीच नाही. खरी मेख नमुना २९-सी मध्ये आहे. ग्राहकाने गाडी आपल्या ताब्यात दिली, की दोघांच्या सह्यांनिशी तसे परिवहन कार्यालयाला ऑनलाइन कळवावयाचे, आणि त्या क्षणापासून त्या गाडीचे मानीव, म्हणजे कायद्याने मानलेले, मालक आपण.

‘मानीव’ हा शब्द गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे. बिल्डर जमीन संस्थेच्या नावावर करून देत नाही, म्हणून मानीव अभिहस्तांतरणासाठी बिचारे सभासद वर्षानुवर्षे उपनिबंधकाच्या दारात उभे असतात. तेथे लोक मानीव होण्यासाठी धावतात, तर आपल्या व्यवसायात मानीव होऊ नये म्हणून धावतात. याचे कारण उघड आहे. गाडी आपल्या जाळीखाली असावी, किल्ली आपल्या खिळ्यावर असावी, नफा आपल्या गल्ल्यात पडावा आणि नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहावे, हा या धंद्याचा पाया आहे. तोच काढून घेऊन त्यावर इमारत बांधा, असे सरकार आपल्याला सांगत आहे.

पारंपरिक पद्धत किती निर्दोष होती, हे पाहण्यासाठी एखाद्या जुन्याजाणत्या विक्रेत्याच्या टेबलाचा उजवीकडचा खण उघडावा. त्यात रबर लावून बांधलेले मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० यांचे गठ्ठे असतात. प्रत्येकावर गाडी विकणाऱ्याची सही असते, चेसिस नंबरवर पेन्सिल घासून काढलेला ठसा चिकटवलेला असतो, आणि घेणाऱ्याचे नाव व तारीख या दोन जागा नव्या पाटीसारख्या कोऱ्या असतात. नावाची जागा कोरी का, हे शेंबडे पोरही सांगेल. तारखेच्या जागेत मात्र खरी विद्वत्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. तथापि जी तारीख लिहिलीच नाही, तिच्यापुढचे १४ दिवस मोजणार कोण? अशा रीतीने एकच गाडी तीन वर्षांत चार हात फिरते आणि चारही वेळा ती ‘कालच आलेली’ असते.

या काळात मूळ मालकाचा फोन येईल. तो बहुधा निवृत्त शिक्षक असेल आणि त्याला एका अनोळखी गावात रात्री दीड वाजता वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन मोबाईलवर आले असेल. त्याला आदराने उत्तर द्यावे. ‘सर, फाईल आरटीओतच आहे, साहेब रजेवर आहेत, सोमवारी होऊन जाईल’ हे वाक्य अर्ज करण्यापूर्वीच पाठ असावे, म्हणजे पुढे अडखळायला होत नाही. सरांना वकिलाकडे जाण्याची सवय असेल, तर मात्र प्रसंग बाका. एक गाडी अनेकांना विकली गेली, नोंदणीत नाव पहिल्याचेच राहिले आणि मध्येच अपघात झाला, अशा एका प्रकरणात नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. म्हणजे गाडी विकून पेढे वाटणाऱ्या सरांच्या माथी कोणाच्या तरी अपघाताची भरपाई येऊ शकते. हा निकाल त्यांना दाखवू नये. उगाच रक्तदाब वाढतो.

प्राधिकारपत्र घेतल्यानंतर आपल्याला आणखी एक वही ठेवावी लागेल. ताब्यातली गाडी ग्राहकाला चालवून दाखवणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा मोजक्या कारणांसाठीच बाहेर काढता येते, आणि प्रत्येक फेरीची नोंद संगणकीय नोंदवहीत करावी लागते: फेरी कशासाठी, चालक कोण, वेळ काय, किलोमीटर किती. आता आपल्या मेहुण्याच्या वरातीला पांढरी सेडान लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ती फेरी ‘संभाव्य ग्राहकांना प्रात्यक्षिक’ या सदरात टाकावी, कारण वरातीत २०० माणसे होती आणि त्यांतला प्रत्येकजण संभाव्य ग्राहक आहे. बोनेटवरचा झेंडू काढल्याचा खर्च रंगकामात दाखवावा. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. नोंदवहीतले किलोमीटर पुढे जात असताना गाडीचा मीटर मागे जाणे बरे दिसत नाही. मीटरवाला कारागीर आणि नोंदवही लिहिणारा मुलगा यांनी आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून चहा घ्यावा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांतून वर आलेल्या गाड्यांविषयी येथे फार लिहीत नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढला की शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते, एवढे ग्राहकाला ठाऊक नसते, आणि आपण त्याला बेल्ट लावायचा आग्रह करणार नाही.

कराचा विषय सोपा आहे. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, परंतु तो पूर्ण किमतीवर नसून खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर आहे. ४ लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली, तर ५० हजारांवर ९ हजार. विक्री खरेदीहून कमी झाल्यास कर नाही. या शेवटच्या वाक्याने व्यापाऱ्यांत त्यागाची जी भावना जागृत झाली, ती संतांच्या भूमीला शोभणारीच म्हणावी लागेल. प्रत्येक गाडीत तोटा सोसून दरवर्षी जाळी दहा फूट पुढे सरकवणारे कर्मयोगी आपल्याला याच रस्त्यावर भेटतील.

एवढे वाचूनही आपण अर्ज करणारच असाल, तर प्राधिकारपत्र मिळताच ते चांगल्या सोनेरी चौकटीत बसवून, हार घालून, गल्ल्यामागच्या भिंतीवर ग्राहकाच्या नजरेच्या रेषेत लावावे. टेबल सरकवून उजवीकडचा खण बरोबर त्याच्या खाली येईल असे पाहावे, आणि सह्या घेण्यासाठी पाच वर्षांत शाई फिकी पडणार नाही असे चांगल्यापैकी पेन आजच आणून ठेवावे.