'एक्स झोन म्हणजे पूर नाही' हे तुम्हाला कोणी सांगितलं?

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. "ह्यूस्टन किंवा टॅम्पाला घर घेताय? हे सहा नियम पाळा आणि चक्रीवादळाची चिंता सोडा." नियम थोडक्यात असे. घर फ्लड झोन एक्समध्ये घ्या; बँक पुराचा विमा मागत नाही, म्हणजे तिथे पूर येत नाही. समुद्रापासून पन्नास मैल आत राहा. कॅटेगरी तीनच्या खालच्या वादळाकडे लक्ष देऊ नका. टॅम्पाला १९२१ नंतर मोठं वादळ थेट धडकलेलं नाही, तिथे निर्धास्त जा. घराच्या विम्यात वादळाचं सगळं नुकसान भरून मिळतं. आणि घर नवं घ्या, नव्या घराला काही होत नाही.

हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती आणि तिचा नवरा न्यू जर्सीहून ह्यूस्टनला येताहेत आणि शहराच्या पश्चिमेला केटीच्या बाजूला घरं बघताहेत. तिने मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, एक्स झोनमधलं घर मिळालंय, फ्लड इन्शुरन्सचे पैसे वाचतील." तिला फोनवर जे सांगितलं ते सगळ्यांसाठी इथे लिहिते, कारण हाच मेसेज वाचून आणखी कितीतरी जण घराची बोली लावत असतील.

पहिला नियम सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी आणि सविस्तर त्याच्याबद्दल.

फेमा, म्हणजे अमेरिकेची सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्था. तिचे पूरनकाशे विम्यासाठी काढलेले आहेत. ज्या जागेला दर वर्षी पुराची शक्यता एक टक्का किंवा जास्त, ती ए किंवा व्ही अक्षराने सुरू होणाऱ्या झोनमध्ये येते, आणि तिथे कर्ज देताना पुराचा विमा मागणं बँकेला कायद्याने बंधनकारक आहे. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तीस वर्षांच्या कर्जावर तोच आकडा २६ टक्क्यांपर्यंत जातो. या रेषेच्या पलीकडे जे उरलं त्यातला बहुतेक भाग एक्स. बँक विमा मागत नाही याचा अर्थ एवढाच, की कायदा तिला मागायला लावत नाही. तुमच्या दिवाणखान्यात पाणी येणार की नाही, याबद्दल बँकेने कुठलंही मत दिलेलं नसतं. शिवाय एक्स झोन दोन प्रकारचा असतो. नकाशावर छटा दिलेला एक्स म्हणजे ज्याला लोक पाचशे वर्षांचा पूर म्हणतात (दर वर्षी पाचशेत एक शक्यता) त्याच्या टप्प्यातला, आणि बिनछटेचा एक्स त्याच्याही बाहेरचा. मेसेज लिहिणाऱ्याने हा फरक सांगितलेलाच नाही.

आता ह्यूस्टनचंच उदाहरण. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे हे चक्रीवादळ आलं. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं, तिथल्या पूरनियंत्रण खात्याने २०१८ मध्ये त्याचा अंतिम अहवाल काढला. तो कोणालाही वाचता येतो आणि हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यातला अंदाज असा: काउंटीत १,५४,१७० घरांत पाणी शिरलं. त्यातली ६८ टक्के घरं त्या एक टक्कावाल्या रेषेच्या बाहेर होती. दर तीन बुडालेल्या घरांपैकी दोन! आणि ६४ टक्के घरांकडे पुराचा विमा नव्हता. "बँकेने मागितला नाही, म्हणून घेतला नाही" हे वाक्य त्या वर्षी इथे जिकडेतिकडे ऐकू यायचं. ओल्या भिंती फोडून सगळं सामान रस्त्याच्या कडेला टाकलेल्या घरांपुढे उभं राहून लोक ते सांगत होते.

असं का होतं, तेही समजून घ्या. हे नकाशे मुख्यतः नदी, बायू (इथले संथ ओढे) किंवा समुद्र काठ सोडून किती पसरेल ते मोजतात. आभाळातून पडलेलं पाणी गटारांना झेपलं नाही आणि गल्लीतच तुंबलं, तर ते या हिशेबात धरलेलं नसतं. ह्यूस्टन सपाट, माती चिकट, पाणी मुरायला वेळ घेते. इथले रस्तेच जादा पाणी काही काळ धरून ठेवण्यासाठी खोलगट आखलेले असतात. मोठ्या पावसात रस्ता भरला की "इथे पूर आला" म्हणून नवखा माणूस घाबरतो, पण ती योजनाच आहे. घराची जमीन त्या रस्त्यापेक्षा किती उंच आहे हा खरा प्रश्न. झोन तोच, गल्ली तीच, पण एका घराच्या पायाचा स्लॅब शेजारच्यापेक्षा फूटभर खाली असेल तर पाणी त्याच घरात शिरतं. हे कुठल्याही झोनच्या अक्षरावरून कळत नाही. गाडीतून उतरून रस्त्यावर उभं राहून बघावं लागतं.

आणि केटीबद्दल तर हे सांगायलाच हवं. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर शहर वाचवण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाने चाळीसच्या दशकात ते बांधले. एरवी ते कोरडेच असतात. आत झाडं आहेत, खेळाची मैदानं आहेत, सायकलचे रस्ते आहेत, त्यामुळे हा जलाशय आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. बांध पूर्ण भरला तर पाणी जिथवर पसरू शकतं, तेवढी सगळी जमीन सरकारने कधी विकत घेतली नाही. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती उभ्या राहिल्या. केटीजवळच्या सिंको रँच या वसाहतीचा काही भाग त्यात येतो. हार्वेत जलाशयांचं पाणी सरकारी हद्द ओलांडून बांधामागच्या घरांत शिरलं. बांध वाचवायला दारं उघडली तेव्हा खाली बफेलो बायूच्या काठची घरंही बुडाली. मागच्या बाजूच्या घरमालकांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. पण ज्यांच्या घरात पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं, त्यांच्यापैकी अनेकांना आपण जलाशयाच्या पोटात राहतो हे त्या आठवड्यापर्यंत ठाऊकच नव्हतं. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या प्लॅटवर, म्हणजे नोंदवलेल्या भूखंड-नकाशावर, तशी बारीक अक्षरातली टीप होती. घर घेताना प्लॅट कोण उघडून बघतं? फेमाच्या नकाशावर यातली बरीच घरं कुठल्या झोनमध्ये होती, ते आता तुम्हीच ओळखाल.

म्हणून भाचीला पहिला प्रश्न मी झोनचा विचारलाच नाही. तो प्लॉट बार्करच्या किंवा ॲडिक्सच्या पाण्याच्या टप्प्यात आहे का, हे आधी काढ म्हटलं. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून विकणाऱ्याने डिस्क्लोजरच्या कागदात हे लिहून द्यावं लागतं: घर जलाशयाच्या फ्लड पूलमध्ये, म्हणजे भरल्यावर पाणी पसरतं त्या टप्प्यात, आहे का, पूर्वी पाणी शिरलंय का, पुराच्या विम्याचा दावा केला होता का. फ्लोरिडात विकणाऱ्यावर पुराची माहिती देण्याचं बंधन ऑक्टोबर २०२४ पासून आलं. तो कागद सहीपुरता चाळू नका, शब्द न् शब्द वाचा.

मान्य करायचं ते करते. एक्स झोन एई किंवा व्हीईपेक्षा बरा, यात वाद नाही. दोन सारखी घरं समोर असतील तर मीही एक्समधलंच घेईन. पण विमा घेऊनच. आणि तो परवडतो की नाही हे अंदाजाने ठरवू नका, पत्ता देऊन कोटेशन मागवा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून सरकारी पूरविम्याचा हप्ता नुसत्या झोनवर ठरत नाही. पाण्यापासूनचं अंतर, घराची उंची, बांधायला येणारा खर्च हे सगळं त्यात धरतात.

"समुद्रापासून पन्नास मैल आत." समुद्राच्या उधाणापासून त्याने वाचाल, खरं आहे. पण हार्वेत टेक्सासमध्ये थेट वादळामुळे किमान ६८ माणसं गेली, आणि राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या अहवालाप्रमाणे तीन वगळता सगळी पावसाच्या पुरात. उधाणाने एकही नाही. २०२४ मध्ये हेलीन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं आणि सगळ्यात भयंकर पूर आला तो पार आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, ॲशव्हिलकडे. मैल मोजून पाण्यापासून सुटका होत नाही.

कॅटेगरीचा नियम वाचून मला खरोखर राग आला. कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाऊस किती पडेल, समुद्र किती चढेल, यातलं काही त्या आकड्यात नाही. २००८ मधलं आइक कॅटेगरी दोनचं होतं. बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र पंधरा ते वीस फूट चढला आणि घरांच्या रांगाच्या रांगा वाहून गेल्या. २००१ मधली ॲलिसन तर हरिकेन म्हणण्याइतक्या वाऱ्याची कधी झालीच नाही, तिला कॅटेगरीच नव्हती. तिने ह्यूस्टनचं मेडिकल सेंटर बुडवलं. जुलै २०२४ मध्ये बेरिल आलं, कॅटेगरी एक. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काही भागांत आठवड्यापेक्षाही जास्त काळ, आणि तीही जुलैच्या उकाड्यात. उष्म्याने माणसं गेली. घरात वयस्कर आईवडील असतील, फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर "कॅटेगरी एक आहे, काही नाही" हा सल्ला जिवावर बेतू शकतो. वस्ती निवडताना विजेच्या तारा जमिनीखालून आहेत की झाडांमधून, मागच्या वादळात त्या गल्लीत वीज किती दिवसांनी आली, हे शेजाऱ्यांना जरूर विचारा.

टॅम्पाबद्दल. १९२१ नंतर तिथे मोठं वादळ थेट धडकलेलं नाही, हे शब्दशः बरोबर आहे. जुन्या आदिवासींच्या दफनटेकड्या शहराचं रक्षण करतात असं तिथले काही लोक सांगतात, आणि श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यावर घराची किंमत लावू नका. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन टॅम्पापासून शंभर मैलांहून लांबून गेलं, तरी खाडीत विक्रमी उधाण आलं आणि शेजारच्या पिनेलस काउंटीत माणसं बुडून मेली. दोन आठवड्यांच्या आत, ९ ऑक्टोबरला, मिल्टन हे वादळ टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की बेटावर उतरलं. ते थोडं उत्तरेला उतरलं असतं तर उधाण सरळ टॅम्पाच्या खाडीत शिरलं असतं. तरीही सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांवर पाऊस पडलाच. फ्लोरिडात घर बघताना आणखी एक लक्षात ठेवा: इव्हॅक्युएशन झोन वेगळा आणि फेमाचा फ्लड झोन वेगळा. पहिला उधाणावरून ठरतो आणि ए झोनला सगळ्यात आधी घर सोडायला सांगतात. एकाच पत्त्याची दोन्ही अक्षरं वेगवेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही तपासा.

विम्याचा नियम सरळसरळ खोटा आहे. घराचा नेहमीचा विमा जमिनीवरून चढलेल्या पाण्याचं नुकसान देत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सरकारी योजनेत घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात, आणि घर दुरुस्त होईपर्यंत बाहेर राहण्याचा खर्च त्यात येत नाही. वाऱ्याच्या नुकसानीतही हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, बहुधा टक्क्यांत असतं. घराचा विमा चार लाखांचा आणि डिडक्टिबल दोन टक्के असेल तर पहिले आठ हजार तुमच्या खिशातून, पाच टक्के असेल तर वीस हजार. टेक्सासच्या अगदी किनाऱ्यावर, गॅल्व्हेस्टनकडे, घराच्या पॉलिसीतून वारा अनेकदा वगळलेलाच असतो. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि घर वादळाच्या नियमांप्रमाणे बांधल्याचं प्रमाणपत्र नसेल तर तोही अडतो. बोली लावण्याआधी ते प्रमाणपत्र मागा.

राहिलं नवं घर. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले, राज्यभराची नवी संहिता मार्च २००२ पासून लागू झाली, आणि त्यानंतरची घरं वाऱ्यापुढे जास्त टिकतात. छत नवं, चारही बाजूंनी उतरतं, गॅरेजचं दार मजबूत, खिडक्या आघात सोसणाऱ्या, हे सगळं बघायलाच हवं. पण छत कितीही पक्कं असलं तरी पाणी खालून येतं. आणि टेक्सासमध्ये एक मोठी अडचण आहे: तो डिस्क्लोजरचा कागद कोणी न राहिलेल्या कोऱ्या घराला लागू नाही. म्हणजे बिल्डरकडून घेताना पुराचा इतिहास तुम्हालाच खणून काढावा लागतो. सेल्स ऑफिसमध्ये "लेक व्ह्यू" म्हणून जादा पैसे घेतात, ते तळं कित्येकदा पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं असतं. ते भरलं की पाणी कुठल्या बाजूला जातं, हे बिल्डरच्या इंजिनियरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

भाचीला मी सांगितलंय की पुढच्या मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी त्या गल्लीत जा, दोन-तीन घरांची दारं वाजव आणि हार्वेत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचार. लोक सांगतात, भिंतीवरची खूणसुद्धा दाखवतात. घराचा प्लॅट मालकी हक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून मागून घे. विकणाऱ्याकडे एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीचा दाखला, असेल तर तेही घे. आणि पुराचा विमा क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आधीच ठरव: कर्जाशी जोडून घेतला तर तो लगेच लागू होतो, नंतर घ्यायला गेलीस तर तीस दिवस थांबावं लागतं. वादळ समुद्रात तयार झाल्यावर तीस दिवस कोणालाच मिळत नाहीत.