काळ्या आतड्याचे छायाचित्र आणि अकरा दिवसांचे चूर्ण

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभरात एकच मजकूर तीन वेळा येऊन गेला. त्याचा गोषवारा असा: मोठ्या आतड्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षे मळाची पुटे चढतात आणि पन्नाशीपर्यंत त्यांचे वजन पाच ते दहा किलो होते, ती पुटे कुजल्याने रक्तात विष भिनते आणि पुढे कर्करोग होतो, सोनामुखीचे चूर्ण अकरा दिवस घेतले की ही पुटे दोरीसारखी सुटून बाहेर पडतात, आणि शौचावाटे रक्त गेले तरी ती उष्णता किंवा मूळव्याध समजून चूर्ण चालूच ठेवावे, कॅमेऱ्याच्या तपासणीच्या वाटेला जाऊ नये, कारण तुकडा काढला की रोग चिघळतो. पुरावा म्हणून दोन छायाचित्रे जोडली आहेत. एकात आतडे गुलाबी आहे, दुसऱ्यात ते सापाच्या कातडीसारखे काळपट आणि जाळीदार दिसते.

माझे काम पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे आहे. मजकूर पाठवणारे आमचे शेजारी सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मजकुरातले जवळपास प्रत्येक विधान मात्र चुकीचे आहे, आणि त्यातले एक जीवावर बेतू शकते.

पुटांचा दावा आधी घेतो. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते आणि त्याचे अस्तर म्हणजे उभ्या पेशींचा एकच थर. या थरात विहिरीसारखे असंख्य सूक्ष्म खळगे असतात, त्यांच्या तळाशी नव्या पेशी जन्माला येतात, वर सरकत जातात आणि साधारण पाच-सहा दिवसांत पृष्ठभागावरून गळून पडतात. आठवड्याभरात जी भिंत आपली कातच टाकते, तिच्यावर वीस वर्षांचे पूट बसणार कुठे? शिवाय या पेशींवर सतत चिकट स्राव असतो. त्याचा आतला थर इतका दाट असतो की जिवाणूही त्यात सहसा शिरू शकत नाहीत, आणि बाहेरचा सैल थर मळाबरोबर पुढे सरकून निघून जातो. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून कॅमेरा घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीच्या, आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी रुग्णाला दोन ते चार लिटर रेचक द्रावण पाजतात. त्यानंतर कॅमेरा आत गेला की ओलसर, चकचकीत, गुलाबी भिंत दिसते आणि तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांची नक्षीसुद्धा मोजता येईल इतकी स्पष्ट असते. दहा किलो पुटे असती तर ती एका रात्रीत गेली कुठे, याचे उत्तर मजकुरात नाही.

आता ते काळे छायाचित्र. ते खोटे नाही, आणि म्हणूनच त्यावर थोडे थांबावे लागेल. अशी भिंत खरोखर असते. तिला वैद्यकात मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. माझ्याकडे येणारा तुकडा तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतो, फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाशी बसलेला. त्याचे काप करून गुलाबी-निळा रंग दिला की पेशींचा वरचा थर अगदी नेहमीसारखा, स्वच्छ दिसतो. त्याच्या खालच्या ऊतीत मात्र फुगलेल्या भक्षक पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या पोटात तपकिरी कण भरलेले असतात, जणू कोणी आत तपकीर शिंपडली आहे. म्हणजे हा रंग भिंतीवर बसलेला नसून भिंतीच्या आत असतो, आणि तो मळाचा तर मुळीच नसतो.

मग तो येतो कुठून? सोनामुखी आणि कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक, ज्याचा वाळवून काळा बोळ करतात, यांत अँथ्राक्विनोन वर्गातली रेचक द्रव्ये असतात. ती महिनोन्‌महिने घेतली की अस्तरातल्या पेशी नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात मरतात, त्यांचे अवशेष भक्षक पेशी गिळतात आणि त्या अवशेषांपासून लिपोफ्युसिन नावाचे रंगद्रव्य साठत जाते. जुन्या वैद्यांना तो मेलॅनिन, म्हणजे त्वचेला काळेपणा देणारे रंगद्रव्य, वाटला, म्हणून नाव तसे पडले आणि चुकीचे असूनही टिकले. थोडक्यात, मजकुरात ज्या काळ्या आतड्यावर सोनामुखीचा उपाय सांगितला आहे, ते आतडे बहुतेक वेळा सोनामुखीनेच काळे झालेले असते. रेचक बंद केले की काही महिन्यांत, क्वचित वर्षभरात, हा रंग ओसरतो. हा रंग म्हणजे कर्करोग नव्हे, एवढेही इथे सांगायला हवे, नाहीतर माझ्या लेखातून दुसरीच भीती पसरायची. एक गंमत मात्र आहे: काळपट भिंतीवर पॉलिप, म्हणजे अस्तरातून वाढलेली छोटी गाठ, उगवला तर त्यात हे रंगद्रव्य सहसा नसते, त्यामुळे तो फिकट ठिपक्यासारखा उठून दिसतो.

दोरीसारख्या पुटांचे कोडे स्वयंपाकघरातच सुटते. अशा पुष्कळ चूर्णांत इसबगोल मिसळलेला असतो. एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात घालून अर्धा तास ठेवा. जो लिबलिबीत गोळा तयार होईल, तोच आतड्याच्या आकारात लांबून, स्राव आणि मळाचा रंग घेऊन बाहेर येतो. इसबगोल स्वतः चांगला आहे, आणि बद्धकोष्ठावर पुरेशा पाण्याबरोबर मीही तो सुचवतो. पण त्याने बनवलेल्या वस्तूला आपण काढलेली घाण म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कुजून विष भिनण्याची कल्पना मजकुराच्या लेखकाला परंपरेतून आलेली वाटते, पण तिचे आजचे रूप बरेचसे युरोपातले आहे. 1887 मध्ये फ्रेंच वैद्य शार्ल बुशार यांनी ‘स्वयंविषबाधे’चा सिद्धांत मांडला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठासाठी माणसांची मोठी आतडीच कापून काढली. 1919 मध्ये अमेरिकी वैद्य वॉल्टर अल्वारेझ यांनी दाखवून दिले की डोके जड होणे, ग्लानी येणे ही लक्षणे गुदाशय ताणला गेल्याने उद्भवतात. गुदाशयात नुसता कापूस भरला तरी ती येतात आणि शौच झाल्याबरोबर मिनिटांत जातात. रक्तात विष भिनले असते तर ते इतक्या झटपट उतरले नसते. अपवाद एकच नोंदवतो: सिरॉसिसने यकृत निकामी झालेल्या रुग्णात बद्धकोष्ठाने अमोनिया वाढून बुद्धिभ्रम होऊ शकतो, पण त्याचे औषध वेगळे असते आणि ते डॉक्टरच ठरवतात.

कर्करोगाचा उगम पुटांत नसून पेशींच्या जनुकांत असतो. एखाद्या खळग्यातल्या पेशीत एपीसी नावाच्या जनुकात बिघाड होतो, तिथे पेशी गळण्यापेक्षा जमण्याचा वेग वाढतो आणि ॲडिनोमा जातीचा पॉलिप उगवतो. पुढे केरास, टीपी-53 अशा जनुकांत बिघाडांची भर पडत जाऊन, साधारण दहा वर्षांच्या अवधीत, त्यातल्या थोड्यांचा कर्करोग होतो. वय, जवळच्या नातलगातला आजार, तंबाखू, दारू, लठ्ठपणा आणि प्रक्रिया केलेले मांस यांनी धोका वाढतो. हे दहा वर्षांचे अंतर आपल्या पथ्यावर पडणारे आहे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पॉलिपविषयक अभ्यासात 1,418 रुग्णांचे ॲडिनोमा काढून त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा अपेक्षेपेक्षा 76 ते 90 टक्के कमी कर्करोग आढळले. चूर्णाने पॉलिप झडत नाही. तो तारेच्या फासाने कापावा लागतो.

आणि आता सर्वांत घातक वाक्य: रक्त म्हणजे मूळव्याध. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही हे खरे, पण ज्या वयात मूळव्याध असते त्याच वयात कर्करोगही होतो आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. आपल्याकडे याची आणखी एक शाखा आहे. महिनोन्‌महिने आव आणि रक्त पडते, रुग्ण दर खेपेला औषधांच्या दुकानातून अमीबाच्या गोळ्या आणतो आणि बरे वाटले की विसरतो. अमीबाची आव आपल्याकडे खरोखरच असते, आतड्याचा क्षयही असतो. पण यातल्या काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळ चालणारा दाह, असतो, जो गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर पसरतो. आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली की त्यांना ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करावी लागते, कारण सततच्या दाहाने अस्तरातल्या पेशी बदलू लागतात. हे तिन्ही आजार कॅमेऱ्यात एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि निवाडा अनेकदा त्या तांदळाएवढ्या तुकड्यावरच होतो. काही वेळा तर भिंत डोळ्यांना निर्दोष दिसते आणि तुकड्यातच दाह सापडतो. त्याला सूक्ष्मदर्शी कोलायटिस म्हणतात आणि त्याचे मुख्य लक्षण म्हणजे सतत पातळ शौच.

तुकडा काढल्याने रोग चिघळतो, या भीतीला आधार नाही. अस्तर कापल्याची वेदना तिथे जाणवत नाही, कारण तशा संवेदना त्याला नसतात. रक्तस्राव किंवा छिद्र पडणे हे धोके खरे आहेत, पण विरळ आहेत, आणि संमतिपत्रावर ते लिहिलेले असतात. वाचूनच सही करावी.

शौचात रक्त, शौचाची सवय अचानक बदलणे, कारणाशिवाय वजन उतरणे, किंवा पन्नाशीच्या पुढच्या पुरुषात लोहाची कमतरता असलेला रक्तक्षय, यांपैकी काहीही असेल तर बोटाने गुदतपासणी आणि गरजेनुसार कोलोनोस्कोपी करून घ्यावी. पॉलिप निघाला तर अहवालाची प्रत फाइलला लावून ठेवावी. पुढची तपासणी तीन वर्षांनी की दहा वर्षांनी, हे त्या कागदावरची पॉलिपची संख्या, मिलिमीटरमधला आकार आणि प्रकार या तीन गोष्टी पाहून ठरते.