जुनी एसयूव्ही घेताना न पाहण्याच्या गोष्टी

कुटुंबासाठी जुनी एसयूव्ही घेण्याचे आपण ठरवले असेल, तर गाडी पाहायला जाण्यापूर्वीच ती पसंत करून टाकावी. उंच, ऐसपैस, सात माणसे आणि त्यांचे सामान पोटात घेणारी गाडी वाईट असूच शकत नाही, अशी श्रद्धा एकदा पक्की झाली की पाहणी हा नुसता उपचार उरतो, आणि उपचार जितक्या लवकर आटोपतील तितके बरे. मुलांना सोबत न्यायला मात्र विसरू नये. त्यांनी मागच्या सीटवर उड्या मारून ‘हीच घ्यायची’ असा ठराव विक्रेत्याच्या देखत मंजूर केला, की भावाची घासाघीस करण्याचे आपले कष्टही वाचतात.

पाहणीसाठी संध्याकाळची वेळ निवडावी आणि पावसाची भुरभुर असेल तर दुधात साखर. ओल्या पत्र्यावर प्रत्येक रंग नवा दिसतो. दरवाजा एका छटेचा आणि त्याला लागून असलेले मडगार्ड दुसऱ्या छटेचे असल्या क्षुल्लक गोष्टी उजेडात पाहणाऱ्यांनाच खुपतात. काही संशयी मंडळी रंगाची जाडी मोजणारे यंत्र घेऊन हिंडतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, मग याच दरवाजावर ६०० कसे, असे ते विचारतात. आपण असे समजावे की त्या दरवाजावर मालकाचे प्रेम अधिक होते.

येण्याची वेळ विक्रेत्याला आधी कळवणे हा साधा शिष्टाचार आहे. त्यामुळे आपण पोहोचेपर्यंत इंजिन गरम करून ठेवायची त्याला सवड मिळते. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्या स्टार्टला फार खरे बोलते. इंजिनाच्या आतली टायमिंग चेन सैल असेल तर पहिले काही क्षण ती खडखडते, थंड इंजिनाला सुरू होण्यापुरती ऊब देणारे डिझेल गाडीचे ग्लो प्लग गेले असतील तर इंजिन आढेवेढे घेते, आणि सायलेन्सरमधून जे काही बाहेर पडायचे ते याच वेळी सर्वांत ठळक दिसते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे, आणि काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. या रंगांचा अर्थ ज्यांना ठाऊक असतो ते धुराकडे पाहतात. आपण आकाशाकडे पाहावे.

बॉनेट उघडलेच तर इंजिन धुऊन लख्ख केलेले दिसेल. त्याचे तोंड भरून कौतुक करावे. कालच धुतलेल्या इंजिनावर आज गळती दिसत नाही, हा स्वच्छतेचा एक दुर्लक्षित फायदा आहे. ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, फेसाळ थर आहे का, हे पाहण्याचा मोह टाळावा, कारण तो सापडला तर ऑइल आणि कूलंट एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या हेड गॅस्केटचा विषय निघेल आणि हेड गॅस्केट हा शब्द उच्चारल्यावर कोणत्याही बैठकीतला आनंद टिकत नाही. थंड हवेत जवळच्या जवळच फिरणाऱ्या गाडीतही नुसत्या दमटपणाने असा थोडा थर साचतो, ही गोष्ट खरी आहे. तेव्हा हा खुलासा विक्रेत्याला सुचण्यापूर्वी आपणच त्याला देऊन टाकावा.

आता डिझेलविषयी थोडे सविस्तर, कारण येथे भोळेपणाला खरा वाव आहे. आधुनिक डिझेल एसयूव्हीच्या धुराड्यात काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी आत सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि ते मिळवायचे तर गाडी बराच वेळ सलग वेगात पळावी लागते. म्हणून विक्रेता जेव्हा सांगतो, ‘ही गाडी फक्त मुलांना शाळेत सोडायला वापरली,’ तेव्हा आपण गहिवरून यावे. दोन किलोमीटर जाऊन थांबलेली, पुन्हा दोन किलोमीटर येऊन थांबलेली, वर्षानुवर्षे कधीही नीट न तापलेली ही गाडी वरून नववधूसारखी दिसते आणि आतून चुलीच्या नळकांड्यासारखी असते. सफाईचा डाव असा पुनःपुन्हा अर्ध्यावर मोडला की त्यासाठी सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून झिरपत खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळते. त्यामुळे डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेले दिसले, तर ती विक्रेत्याची उदारता समजावी. काही मालक एवढा त्रास नको म्हणून फिल्टरच आतून पोकळ करून घेतात. अशी गाडी मोकळा श्वास घेते, आणि पुढे प्रदूषण तपासणीच्या दिवशी आपला श्वास अडकतो.

किलोमीटरच्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. आकडा लहान असूनही पेडलचे रबर घासून गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगचे कातडे आरशासारखे चमकत असेल आणि चालकाच्या सीटची कड बसकी झाली असेल, तर मालकाचे पाय, हात आणि बाकीचा देह जड होता एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हिसच्या नोंदी मागू नयेत. त्या नेहमीच मालकाच्या दुसऱ्या घरी असतात.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो मुळीच लागला नाही, तर गाडी इतकी निर्दोष आहे की दिव्यालाही काम उरलेले नाही, असे मानून चालावे. एअरबॅग आता आत नसेल आणि कोणीतरी दिव्याचीच वायर काढून ठेवली असेल, असली शंका मनात आणू नये. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून त्यातल्या दोषांच्या नोंदी पाहणारे लोक तर याहून पुढे जातात. कालच त्या नोंदी पुसल्या असतील तर गाडीच्या स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात, हे त्यांना माहीत असते. चेसिस नंबर म्हणजे १७ अक्षरे आणि अंक. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकला की या गाडीचा एखादा रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी दिलेले बोलावणे, बाकी आहे का, ते बऱ्याचदा काही मिनिटांत कळते. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभरातील कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. पण आपली गाडी त्यांत कशी असेल? आपल्याला तर ती आवडली आहे.

टायरांकडे दुरूनच पाहावे. काळे आणि गोल असल्याची खात्री पुरेशी आहे. जवळ गेल्यास बाजूवर कोरलेले चार अंक दिसतील आणि ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, हे गणित नकोसे आठवेल. २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यांतले बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीला लावलेले होते, आणि टायरची साल सुटून उलटलेल्या गाड्यांत माणसे गेली होती. उंच गाडीला टायरचा लहरीपणा सोसत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. चारही चाके सदैव ओढणाऱ्या गाडीला चार वेगवेगळ्या झिजेचे टायर लावले तर आतली यंत्रणा अखंड ताणाखाली राहते, पण चार कंपन्यांचे चार टायर दिसले तर विविधतेत एकता म्हणून हसून सोडून द्यावे.

पुराच्या पाण्यातून आलेली गाडी ओळखायला अत्तराचा आधार घ्यावा. वास जितका तीव्र, तितकी मालकाची रसिकता मोठी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर पाणी कुठवर चढले होते त्याची रेघ कधीकधी पट्ट्यावर सापडते, गालिच्याखाली बारीक गाळ असतो आणि सीटच्या रुळांवर गंज. म्हणून पट्टा हवा तेवढाच ओढावा. सनरूफ असेल तर बटण दाबून तो उघडतो आणि मिटतो एवढे पाहावे. प्रस्तुत लेखकाने एकदा तेवढेच पाहिले आणि छतावरचे पाणी कोणत्या नळीतून खाली जाते, हे विचारले नाही. पहिल्याच पावसात ते लेखकाच्या डाव्या पायावर गेले.

चक्कर मारायला निघताना रेडिओ मोठ्याने लावावा आणि सरळ, गुळगुळीत रस्ता निवडावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की चाकाला ताकद पोहोचवणारा सीव्ही जॉइंट झिजला असल्यास टकटक करतो, म्हणून पूर्ण वळवूच नये. खड्डे टाळावेत, त्यांत सस्पेन्शनचे झिजलेले रबरी बुश बोलतात. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे झाले, तर क्लच विश्रांती घेतो आहे. तिसऱ्या रांगेत मात्र कोणीही बसून पाहू नये. तेथे मोठ्या माणसाचे गुडघे कानांजवळ येतात आणि एसीचा वारा येत नाही, हे कुटुंबाला प्रवासातच कळावे. तोवर परतीची वाट दूर गेलेली असते.

स्वतःचा मेकॅनिक सोबत नेणे हा विक्रेत्याचा अपमान आहे. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन मांडले आणि २००१ मध्ये ते अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. इतका नामांकित सिद्धांत जिवंत ठेवायचा, तर कोणीतरी अजाण राहायलाच हवे, आणि ती जबाबदारी मेकॅनिकवर टाकता येत नाही.

व्यवहार झाला, पैसे पोहोचले, की दुसऱ्या किल्लीची चौकशी सहज म्हणून करावी. आजकालची किल्ली गाडीच्या संगणकाशी जुळवून घ्यावी लागते आणि तिचा खर्च ऐकून माणूस उभ्यानेच खाली बसतो. विक्रेता म्हणेल, ‘अहो, घरीच कुठेतरी आहे, सापडली की कळवतो.’ आपण म्हणावे, ‘सावकाश द्या, घाई नाही.’