ग्लायडिंग क्लब चालवायचाय? आधी टी-शर्टचा रंग ठरवा

फेब्रुवारी संपत आला, द्राक्षाचे क्रेट भरून गाड्या निघायला लागल्या, दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका द्यायला लागलं, म्हणजे नाशकात सोअरिंगचा सीझन सुरू झाला असं समजा. बिनइंजिनाचं विमान, खालची जमीन तापली की वर चढणारी हवा, आणि त्या हवेत गोल गोल फिरत तास दोन तास वर राहायचं, एवढाच हा खेळ. त्याला लागणारं ऊन आपल्याकडे मार्च ते मे नुसतं पडून असतं. तेव्हा क्लब काढायचा असेल किंवा आहे तो रेटायचा असेल तर हीच वेळ. आणि टेन्शन घेऊ नका, ग्लायडर उडवावं वगैरे लागत नाही, नीट चाललेल्या क्लबात ती सगळ्यात शेवटी लागणारी वस्तू असते.

सुरुवात कमिटीपासून. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, आणि एक मार्गदर्शक जे पुण्याला राहतात आणि येतो येतो म्हणतात. विंच, म्हणजे दोराने ग्लायडर वर ओढणारं यंत्र, चालवणाऱ्याला मात्र कमिटीत घेऊ नका, त्याला कामं असतात. पहिली मीटिंग टी-शर्टच्या रंगावर ठेवा, भगवा की निळा, कॉलरवाला की गोल गळ्याचा, छातीवर स्पॉन्सर की पाठीवर. या विषयावर होळी सहज निघून जाते.

दुसरी मीटिंग लोगोवर. इथे कोणीतरी जटायू सुचवणारच, आणि का नाही सुचवणार, पंचवटी आपली, आणि इगतपुरीकडे सर्वतीर्थ टाकेदला जटायू पडला असं लोक मानतात, म्हणजे जगातलं पहिलं आउटलँडिंग (मैदान सोडून भलतीकडे उतरणं) नाशिक जिल्ह्यात झालं हे एका ज्येष्ठ सभासदांचं लाडकं वाक्य ठरलेलं. त्यांना अडवू नका. तिथून ते मुंबईच्या चौपाटीवर येतील, 1895, तळपदेंनी विमान उडवलं, राईट बंधूंच्या आधी आपणच, मग ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ. कोपऱ्यातला एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा हळूच म्हणेल की काका, 1974 साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी तो ग्रंथ तपासून त्यातली यानं उडूच शकत नाहीत असं लिहून ठेवलंय. त्या पोराला लगेच चहा आणायला पाठवा. असली पोरं पुढे व्हेरिओची, म्हणजे आपण वर चढतोय की खाली जातोय ते दाखवणाऱ्या यंत्राची, बॅटरी चार्ज केली का असलेही प्रश्न विचारतात.

परवानग्यांचं म्हणाल तर नाशिकचं आकाश म्हणजे सातबाऱ्यावर आधीच सगळ्यांची नावं चढलेली. ओझरला एचएएल, तिथे आधी मिग बनायची, मग सुखोई बनली. गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं. देवळालीला तोफखाना, तिकडून वर काय येईल हे विचारायची पण सोय नाही. म्हणजे कुठे, किती उंचीपर्यंत, कोणत्या वेळेत उडायचं हे सगळ्यांशी आधी बोलून, डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे, कागद पूर्ण करून, लेखी घ्यावं लागतं. हे काम पावसाळा संपला की हाती घ्यायचं असतं असं एखादा जुना माणूस म्हणेल, त्याला हो हो म्हणा आणि पहिलं पत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाका. सगळीकडे इयर एंडिंग असतं, निवांत उत्तर येतं. पत्रात तारीख मागच्या वर्षीची राहिली तर उत्तमच. एखादं नवीन मैदान बघायला गेलात तर ते सिंहस्थाच्या पार्किंगला धरलंय असं ऐकायला मिळेल, 2027 आलंच की. तोवर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला एक अभ्यासदौरा काढून घ्या, ग्रुप फोटो येतो आणि येताना कोणाकोणाची लक्ष्मी रोडची कामं पण होतात.

आता हँगर. जूनमध्ये लावलेलं कुलूप सीझन तोंडावर आल्याशिवाय उघडायचं नाही हा नियम पाळा. पावसाळ्यात आत बरंच काही झालेलं असतं. पिटॉटची नळी म्हणजे ती बोटाएवढी भोकवाली नळी, समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन वेग दाखवते, तिच्यावर लाल कव्हर घालायचं असतं, ते कव्हर कोणीतरी बाईकच्या हँडलला लावलेलं असतं. मग कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी, येते. तोंडातून मातीची गोळी आणून आणून भोकाच्या आत इतकं गुळगुळीत प्लास्टर करते की आपल्या गवंड्याने बघावं, आत बेशुद्ध केलेल्या हिरव्या अळ्या एकावर एक कोंबलेल्या, शेवटी वरून टोपण. बाहेरून बघितलं तर नळीवर थोडी धूळ आहे एवढंच वाटतं. आता खरं म्हणजे मागून पाईप सोडवून, हळूहळू साफ करून, प्रेशर टेस्ट करायची असते. तुम्ही तसलं काही करू नका. तोंड लावा आणि जोरात फुंका. आतल्या एअरस्पीड इंडिकेटरची पातळ डबी फुटली तर ‘नवीन इंडिकेटर खरेदी’ हा पुढच्या मीटिंगला भक्कम विषय मिळाला, आणि नाही फुटली तर पायलट टेकऑफला शून्य वेगाने उडतोय असं दिसेल, त्याला अनुभव म्हणतात.

उंदराने सीटची उशी खाल्लेली असेल, पॅराशूटची रीपॅकची तारीख कधीच गेलेली असेल, सील्ड बॅटरी मे महिन्यात जोडलेली तशीच असेल आणि आता तिच्यावर टॉर्च पण लागणार नाही. चालायचंच. पंख जोडायला मात्र गर्दी करा, दोन सीटर ग्लायडर म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 17 मीटर, एकेक पंख उचलायला चांगले चार जण लागतात आणि सूचना द्यायला अकरा. सूचना फक्त पंखाच्या मुळाशी उभ्या असलेल्याने द्यायच्या असतात असा संकेत आहे, म्हणून तुम्ही टोकाला उभं राहून द्या, वर घ्या, खाली घ्या, माझ्याकडे घ्या. पिन बसत नसेल तर हातोडी. जोडून झालं की एकाने एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, हाताने घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने आतून स्टिक हलवून बघायची, जोडणी खरंच लागली की नुसती टेकलीय हे तेव्हाच कळतं. जगात यावरून माणसं गेली आहेत, पण आपल्याकडे कॉकपिटमध्ये बसलेला सेल्फी काढतच ‘ओके’ म्हणतो, तेवढ्यावर भागतं.

विंच ही क्लबाची शान. येवल्याची संक्रांत बघितली असेल तर वेगळं समजावायला नको, तिथे आसारीवर दोरा गुंडाळतात तसा इथे ड्रमवर दोर, साधारण 1000 मीटर, पलीकडच्या टोकाला पतंगाच्या जागी माणूस बसवलेलं विमान. ड्रम फिरला की काही सेकंदांत जमिनीवरून सुटतं आणि अर्ध्यापाऊण मिनिटात 300 ते 400 मीटरवर जाऊन दोर सोडतं. दोर आणि विमान यांच्यामध्ये एक वीक लिंक असते, ठराविक ताणाला तुटणारी धातूची पट्टी, प्रत्येक ग्लायडरला ठरलेल्या ताकदीची आणि ठरलेल्या रंगाची. ती सारखी तुटते अशी तक्रार येईल. सोपं आहे, एकाऐवजी दोन लावा, किंवा एमआयडीसीतून जाड बोल्ट आणा, तो बापजन्मात तुटणार नाही. ती तुटली नाही तर मग पंख तुटतो हे बरळणारा एखादा असतो ग्रुपवर, त्याला ‘सर, जरा पॉझिटिव्ह राहा’ आणि हात जोडल्याची इमोजी. दोराला जिथे जिथे जोड आहेत ते सीझनआधी हातात घेऊन एकेक बघायचे असतात, तेवढं चालायला कोणाकडे वेळ आहे, दोर स्वतःच तुटून सांगतो कुठे कच्चा होता. आणि दोर मध्येच तुटला तर काय करायचं याचा सराव पोरांना देऊ नका. नाक खाली, वेग येऊ द्या, मगच वळायचं का सरळ उतरायचं ते ठरवा, हे एवढंच आहे ते, पण ते शिकवलं की पालक विचारतात दोर तुटतो का हो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे वेळ. नाशिक सहाशे मीटर उंचीवर, रात्र थंड, त्यामुळे सकाळी थंड हवेचा थर जमिनीला चिकटून बसलेला असतो आणि वर काही हलत नाही. ऊन चढून हा थर फुटला की साधारण अकराच्या पुढे थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे खांब, सुटायला लागतात, एक ते तीन म्हणजे सोनं, आणि दुपार कलली की घाटाकडून पश्चिमेचा वारा घुसून सगळं विस्कटून टाकतो. म्हणजे सकाळची शांत हवा शिकाऊ पोरांच्या सर्किटना (वर जाऊन मैदानाभोवती एक फेरी आणि खाली) आणि दुपारचे चार तास सोअरिंगला. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण बरोबर याच्या उलट आखणी करायचीय.

सात वाजता सगळ्यांना बोलवा. साडेआठला चावी येईल. नऊला पूजा, नारळ ग्लायडरच्या नाकावर फोडायचा हट्ट एक जण करेल, फायबरचं नाक आहे हो, असं सांगून तो चाकाशी फोडेपर्यंत साडेनऊ. माननीय पाहुणे दहाला येणार म्हणजे पावणेबारा. त्यांचं भाषण, त्यात ‘आकाशाला गवसणी’ दोनदा आणि ‘गरुडझेप’ एकदा, मग ते कॉकपिटमध्ये बसून फोटो, बसताना कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, हात टेकणार, तिथे कोणी काही बोलायचं नाही. नंतर अर्थात मिसळ, आणि मिसळ म्हटल्यावर पाव पुरले का, रस्सा काळा बरा की लाल बरा, दही घेणं हा गुन्हा आहे का. हे चालू असताना जरा वर बघा. बाजूच्या नांगरलेल्या वावरावर पाच-सहा घारी एकाच खांबाभोवती फिरल्यासारख्या वर वर चालल्यात, पंख न हलवता, बघता बघता ठिपका. बरोबर तिथे थर्मल आहे, कोणत्याही व्हेरिओपेक्षा पक्की खबर. घारींची कमिटी नसते त्यामुळे त्यांचं सगळं कसं अघळपघळ.

अडीचला ग्लायडर ढकलत लाँच पॉइंटला न्या. पोचलात की वारा फिरलेला असेल, मग विंच या टोकाची त्या टोकाला, ग्लायडर त्या टोकाचं या टोकाला. दोर ओढायची जीप चालू होणार नाही. पावणेपाचला पहिलं लाँच, वर काही शिल्लक नाही, सहा मिनिटांत सर्किट मारून खाली. टाळ्या. मिनिट्समध्ये ‘सीझनचा यशस्वी शुभारंभ’. दिवसभर उन्हात विमान ढकलून ज्या पोराचा नंबर आला नाही त्याला पुढच्या रविवारी पहिला नंबर सांगा, पुढच्या रविवारी कोणाचं तरी लग्न असतंच.

एवढं करूनही एखादा हट्टी मेंबर निसटतो. तो साडेदहालाच गपचूप ग्लायडर लायनीत लावतो, भाषणाआधी उडून जातो, आणि त्याला सिल्व्हर बॅज हवा असतो, म्हणजे 5 तास हवेत, 1000 मीटर उंची कमावणं, आणि 50 किलोमीटर अंतर. पन्नास म्हणजे सरळ रेषेत आपल्यापासून लासलगावच्या आसपास. अशा माणसाला शेताबद्दल सल्ला देऊन ठेवा. म्हणावं, थर्मल संपले, उंची राहिली नाही, तर खाली बघून मस्त हिरवंगार सपाट गालिच्यासारखं दिसेल तिथे उतर. निफाडकडे असं मैलोन्मैल दिसतं. तो गालिचा म्हणजे द्राक्षबाग, पानांखाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा, आणि बागायतदार जागेवर हजर. खरं उतरायचं ते कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात, नाहीतर गव्हाच्या कापलेल्या रानात, वरून ते उदास पिवळं-तपकिरी दिसतं म्हणून नवखा टाळतो. बांध, विजेच्या तारा, शेततळं आधी हेरायचं, 300 मीटर उरायच्या आत शेत पक्कं करायचं, आणि वाफे-सऱ्या असतील तर त्यांच्या आडवं नाही, लांबीने टेकायचं.

टेकला की पाच मिनिटांत गाव जमतं. ‘काय इमान पडलं का काय?’ पडलं नाही, उतरवलं, असं त्याने दहा वेळा सांगायचं. इंजिन चोरीला गेलं का, पेट्रोल कुठे टाकतात, आतमध्ये एसी आहे का. एक आजी पाण्याचा तांब्या घेऊन येतात आणि घरचे ओरडत नाहीत का म्हणून विचारतात. कोणीतरी पोलीस पाटलांना फोन लावतं. पोरं पंखावर बसायला लागतात. मग हा क्लबाला फोन करतो, तर अध्यक्ष सत्कारात, सरचिटणीसांनी ग्रुप म्युट केलेला, आणि विंचवाला एकटा उचलतो, येतो दादा, लोकेशन टाका.

ग्लायडर परत आणायला ट्रेलर घेऊन निघालेल्या विंचवाल्याला मात्र सांगून ठेवा की टेललाइटची वायर उंदराने खाल्लीय तर अंधाराच्या आत परत ये, आणि टायरमध्ये हवा बघून घे, स्टेपनी शोधत बसू नको, ती गणपतीपासून खजिनदारांच्या बोलेरोला लागलीय.