७७ वं मिनिट

विषय निघाला एबी फॉर्मवरनं, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावरनं. मंगळवारी महापालिकेचे अर्ज भरायची मुदत संपणार, आणि आमच्या प्रभागातला एक इच्छुक आठवड्याभरात तिसऱ्या पक्षाच्या दारात दिसला, ही खबर पैलवानानं आणली. पैलवान आता नावालाच. तीस वर्षांपूर्वी लाल मातीत होता, आता मार्केट यार्डात हळदीची अडत आहे आणि पोट त्याच्या पुढं एक वीत चालतं.

"ट्रान्स्फर विंडो उघडलीय म्हणा की," बारक्या म्हणाला.

ट्रान्स्फर विंडो म्हणजे फुटबॉलमध्ये प्लेअरनं क्लब बदलायची मुदत. हा विनोद मी त्या आठवड्यात चौथ्यांदा ऐकत होतो. शनिवार, २७ डिसेंबर २०२५ ची संध्याकाळ. सांगलीच्या आयर्विन पुलाकडनं बोचरं वारं, मामाच्या गाड्यावर चहाचा दुसरा राउंड. साडेआठला लिव्हरपूलची वुल्व्ह्जशी मॅच होती आणि तोवर मला कुणाशी भांडायचं नव्हतं. पण फुटबॉलचं चुकीचं उदाहरण कानावर पडलं की मला राहवत नाही.

"चुकीचं बोलालायस," मी म्हटलं. "ट्रान्स्फरमध्ये प्लेअर जातो. सपोर्टर जागेवर राहतो. इथं नेता गेला की दुसऱ्या दिवशी अख्खं मंडळ गळ्यातलं उपरणं बदलून त्याच्या मागं. हे फुटबॉलमध्ये कुठं बघितलंस?"

"लिवर सुरू झालं बघा," पैलवान म्हणाला. मी लिव्हरपूलचा, म्हणून त्याच्या तोंडी माझं नाव लिवर.

मग ट्रेंटची गोष्ट सांगावीच लागली. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड, लिव्हरपूल गावातलाच पोरगा. सहा वर्षांचा असताना क्लबच्या अकादमीत आला, वीस वर्षं तिथंच वाढला. चॅम्पियन्स लीग जिंकली, दोनदा लीग जिंकली. मे २०२५ मध्ये सांगून टाकलं, करार संपतोय, मी चाललो. गेला रेआल माद्रिदला. ते सांगितल्यावर पुढच्याच घरच्या मॅचला, आर्सेनलविरुद्ध, तो बदली म्हणून उतरला तर लिव्हरपूलच्या मैदानात, अ‍ॅनफिल्डवर त्याच्याच माणसांनी त्याची हुर्यो उडवली.

"हे वाईट झालं," पैलवान एकदम गंभीर. "घरच्या पोराला हुर्यो? पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं म्हणून वस्तादानं शिवी घातली तर चूक वस्तादाची. पोटापाण्याचं असतंय ते, लका."

मास्तरांनीही मान हलवली. खरं सांगायचं तर माझंही अजून ठरत नाही. त्या दिवशी टीव्हीसमोर मी गप्प बसून होतो. हुर्यो आवडली नाही, पण कळली. फक्त एवढंच म्हटलं, "असूं दे चूक. पण त्या साठ हजारांतला एक तरी माणूस माद्रिदचा शर्ट घालून त्याच्या मागनं गेला का?"

इथवर मी जिंकत होतो. मग वकील बोलला. वकील आर्सेनलचा. तेव्हा २००४ पासून इंग्लिश लीगचा उपास आणि सलग तीन वर्षं दुसरा नंबर, त्यामुळं त्याच्या बोलण्यात एक थंड विष असायचं.

"तुमच्या मालकानं उन्हाळ्यात चाळीस कोटी पौंडांच्या वर खरेदी केली. नंतर बारा मॅचमधल्या नऊ हरलात. तू बघायचं सोडलंस?"

"नाही."

"सोडणारही नाहीस. मग माझे आजोबा एकाच चिन्हावर पन्नास वर्षं शिक्का मारत होते, आजा दिला म्हणून बाप, बाप दिला म्हणून नातू, त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय? पाणी येवो न येवो, शिक्का तिथंच. तुझं पण तेच."

कट्ट्यावर असा एखादा मुद्दा येतो की सगळे चहाच्या ग्लासाकडं बघतात. मी आधी भलतंच उत्तर दिलं. म्हटलं, त्या नऊ हरलेल्या मॅचमध्येसुद्धा २० व्या मिनिटाला लोक जोटाचं गाणं म्हणायचे. दियोगो जोटा, शर्ट नंबर २०, जुलैत गाडीच्या अपघातात गेला. आधी वुल्व्ह्जला होता, मग आमच्याकडं, आणि आज त्याच दोन टीमांची मॅच. स्कोअर काय का असेना, २० वं मिनिट लागलं की गाणं सुरू.

"ते चांगलंच आहे," वकील म्हणाला. "पण ते प्रेम झालं. मी हिशेबाचं विचारलं."

म्हणून मग ७७ वं मिनिट.

फेब्रुवारी २०१६. अ‍ॅनफिल्डचा मेन स्टँड मोठा करायचं काम चाललेलं. मालकांनी पुढच्या सीझनचे दर जाहीर केले, सगळ्यात महाग तिकीट ५९ वरनं ७७ पौंड. तेव्हाच्या भावानं साडेसात हजार रुपये, एका मॅचचे. ६ तारखेला घरी संडरलंडशी मॅच होती. टीम २-० नं पुढं. ७७ वं मिनिट लागलं आणि दहाएक हजार माणसं उठली आणि चालायला लागली. खुर्ची मोडली नाही, बाटली मारली नाही. मालकांच्या हावरटपणाच्या नावानं ओरडत दाराबाहेर. उरलेल्या वेळात टीमनं दोन गोल खाल्ले, २-२. चार दिवसांत मालकांनी ७७ चं तिकीट मागं घेतलं, वर माफी मागितली.

"थांब," पैलवान म्हणाला. "२-० असताना उठले?"

"हो."

"म्हणजे जिंकायलेत, आणि उठले?"

त्याला ते पचेना. दोनदा विचारलं. मामा गाळणी झटकत मागनं म्हणाला, "हरताना काय, कोणपण उठतंय."

माझं म्हणणं मामानं एका ओळीत सांगून टाकलं आणि मला जरा रागच आला. पण तेच. वकिलाच्या आजोबांनी चिन्ह सोडायला पाहिजे होतं असं माझं म्हणणं नाही. ती दहा हजार माणसं कुठं त्याच गावच्या एव्हर्टन क्लबला गेली? पुढच्या मॅचला तिथंच बसली. क्लब त्यांचा, मालक त्यांचा नव्हे, एवढंच दाखवायचं होतं. आजोबांनी एकदा तरी सभेतनं, आपला माणूस जिंकत असताना, उठून जायला हवं होतं.

"उठायचं म्हणता, मग कोलकात्यात काय वेगळं झालं?" मास्तरांनी विचारलं. मास्तर हायस्कूलला इतिहास शिकवून निवृत्त झालेत, पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. १३ डिसेंबरला मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर आला होता. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक बसलेले. मेस्सीच्या भोवती मंत्री, अधिकारी, त्यांची माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर. गॅलरीतल्यांना त्याचं डोकं दिसेना. वीसेक मिनिटांत तो गेला. मग बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या. आयोजकाला अटक, मुख्यमंत्र्यांची माफी. "माफी तिथंही मिळाली की. शिवाय फुटलेल्या खुर्च्या सरकारी, म्हणजे भरपाई आपल्याच खिशातनं."

"मास्तर, खुर्च्या फोडणं चूकच. पण मेस्सीला गराडा घातलेल्यांतल्या किती जणांनी तिकीट काढलं होतं ते बघा."

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, कारण सोफा प्रत्येकानं बघितलाय. आपल्याकडं कार्यक्रम कुठलाही असो, पहिल्या दोन रांगांत पांढरे अभ्रे घातलेले सोफे. सोफ्यावरचा माणूस उशिरा येतो, त्याच्यासाठी कार्यक्रम थांबतो, मग सत्कार होतो, आणि नाटक असो की कुस्ती, रंगात यायच्या आधी तो जातो. सोफा रिकामा राहतो. मागं उभा राहिलेला माणूस त्यावर येऊन बसत नाही, हे जास्त वाईट. एका मैदानात आपण बसल्याचं पैलवान सांगतो, पण ती गोष्ट तो दरवेळी वेगळी सांगतो.

"आता मला एक सांग," मास्तर माझ्याकडं वळले. शिक्षकाचा आवाज लागला की समजायचं, आता आपली पाळी. "तू स्वतः कधी उठलायस? अ‍ॅनफिल्ड राहू दे. टीव्हीसमोरनं तरी?"

मी काय सांगणार. अंगावरचा लाल शर्ट साडेतीनशेचा, डुप्लिकेट. दरवर्षी मॅच बघायचं पॅकेज महाग होतं, दरवर्षी मी शिव्या देतो आणि भरतो.

"कोल्हापूर पन्नास किलोमीटर. शाहू स्टेडियमवर शेवटचा कधी गेलास?"

"कोविडच्या आधी."

"बघा!" पैलवानाला चेव आला. फुटबॉल हा मूळचा आपलाच, असं त्याचं जुनं म्हणणं, कारण कोल्हापूरच्या टीमांची नावंच तालमींची. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. पेठेची ईर्षा काय असते ते बघायला लिव्हरपूलला कशाला जायचं, असं तो म्हणतो आणि त्याला उत्तर नाही. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. "आणि हे लिवर रात्री जागून परक्या गावच्या पोरांसाठी रडतंय."

बारक्यानं जखमेवर मीठ चोळलं. स्पर्धा परीक्षा करतो, आकडे तोंडपाठ. भारत फिफाच्या यादीत १४२ व्या नंबरवर. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाकडनं ०-१. आणि पुढच्या वर्ल्ड कपला कोण चाललंय? कुरासाओ. वस्ती दीड लाख. "आपली महापालिका पाच लाखांची, काका." पोरींचं मात्र वेगळं, त्यांनी जुलैत थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून आशियाई कपची जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हे सांगितल्यावर किती जणांनी ती मॅच बघितली असं त्यानं विचारलं. कुणीच नाही. त्यानं पण नाही.

२०१८ ला भारताचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्रीनं व्हिडिओतनं हात जोडले होते, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. आदल्या मॅचला मुंबईत अडीच हजार माणूस आलेला. तो व्हिडिओ मी पुढं पाठवला होता. तेवढंच केलं होतं.

मला वाचवायला पैलवानच आला. मनानं मोठा आहे. "असं न्हाई हो मास्तर. आपण पण उठतोय की. कोल्हापूरनं टोल घालवला. अलमट्टीला अख्खी सांगली उभी राहिली."

"अलमट्टी," वकील हसला. "अलमट्टी म्हणजे आपला रेफ्री."

मग जे पेटलं ते पेटलं. कर्नाटकाला अलमट्टी धरणाची उंची वाढवायचीय, ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६, हा आकडा सांगलीतलं शाळकरी पोरगं तीन दशांशांपर्यंत सांगेल. आयर्विनला पाणी ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. माझ्या दुकानात पाणी शटरच्या पट्टीला लागलेलं. उंची वाढवायला विरोध वकिलाचाही आहे, मोर्चात तो होता. पण त्याचं म्हणणं असं, की हरलेली टीम रेफ्रीवर बोलते ती स्वतःच्या डिफेन्सवर बोलायला नको म्हणून. "नाले कुणी बुजवले? कर्नाटकानं? निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडले कुणी आणि घेतले कुणी?"

पैलवान एकदम पुलाकडं बघायला लागला. त्याचा एक प्लॉट आहे. कुठल्या रेषेत आहे ते कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे, आणि आजवर कुणी बोललेलं नाही.

"पेनल्टी दिली ती चूकच होती," तो शेवटी म्हणाला, "पण बॉल आपल्या हाताला लागला होता, असं म्हणतोस."

"असं म्हणतो."

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. मागं तीन मोटारसायकली. तोच. इच्छुक. कडक इस्त्री, कपाळाला गुलाल नाही पण त्याची तयारी. "नमस्कार मंडळी!" करत सरळ कट्ट्याकडं. आणि आम्ही, म्हणजे वकील, मी, बारक्या, पैलवान आणि हाताला आधार घेत मास्तरसुद्धा, उठलो. जागा करायला. तो मधोमध बसला. "मामा, सगळ्यांचा चहा माझ्याकडं," म्हणाला. मामानं पातेलं आधीच चढवलं होतं.

सव्वादोन वर्षं महापालिकेत नगरसेवकच नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात, लोकांनी कुणाकडं जायचं, असं तो बोलायला लागला. मुद्दा बरोबर होता. मी हूं म्हटलं.

"चिन्ह कुठलं?" मास्तरांनी विचारलं.

"ते मंगळवारपर्यंत कळंल, सर. तुम्ही चिन्ह बघू नका. माणूस बघा."

वकिलानं खोकल्यासारखं केलं. पैलवान माझ्या कानाशी आला, हळू आवाजात म्हणाला, "लिवर, कितवं मिनिट चाललंय रं?"

मी घड्याळ बघितलं. आठ दहा. मॅचला वीस मिनिटं होती. उठून जावं म्हटलं तर तीही सोय राहिली नव्हती. आम्ही सगळे आधीच उभे होतो.