पाळकांचं कौतुक करायचंय? फुकटात जमतं

तर तुम्हाला हल्ली असं वाटायला लागलंय की आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जे लोक सेवा करतात, म्हणजे पाळक (पास्टर), शब्बाथशाळेत मुलांना बायबल शिकवणाऱ्या बाई, कीबोर्डवाला, माईक लावणारा दादा, यांचं कधीतरी कौतुक करायला हवं. घाबरू नका, बऱ्याचदा आपोआप जातं ते. नाहीच गेलं तर वाचा पुढे.

आधी एक दिवस ठरवून टाका. अमेरिकेत ऑक्टोबरचा दुसरा रविवार खास पाळकांच्या कौतुकासाठी ठेवलाय, काहीजण तर अख्खा ऑक्टोबर पाळतात पण ते जरा अतीच होतं. एका दिवसात कार्ड, टाळ्या, ग्रुप फोटो सगळं उरकलं की उरलेले 51 रविवार आपण मोकळे. कार्यक्रमाचं नियोजन पाळकांकडेच द्या, त्यांना सवय असते, आणि शेवटची प्रार्थना पण तेच करतील.

भाषणासाठी बायबलमधलं वचन लागणारच, मग 1 तीमथ्य 5:17 घ्या, चांगला कारभार करणारे वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, दुप्पट सन्मानाला पात्र आहेत. ऐकायला एकदम भारदस्त. फक्त तिथेच पुस्तक मिटायचं, चुकून 18 वर गेलात तर पौल (ते पत्र लिहिणारा प्रेषित) लगेच मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका म्हणतो (अनुवाद 25:4 मधून उचललंय त्याने) आणि वर मजुराला मजुरी मिळायला हवी म्हणतो, म्हणजे चांगला चाललेला सन्मान सोडून गाडी पगारावर! तरीही कोणी विषय काढलाच तर डोळे मिटून म्हणा, पौल स्वतः तंबू शिवायचा हो. आता 1 करिंथ 9 मध्ये त्यानेच सुवार्ता सांगणाऱ्याचा पोटापाण्याचा हक्क आधी ठासून मांडलाय आणि मग मी तो हक्क वापरला नाही असं म्हटलंय, आपण त्यातलं दुसरं वाक्य तेवढं पाठ करायचं.

पाळकांना सोमवारी सुट्टी असते म्हणे. उत्तम, म्हणजे सोमवारी नक्की घरी सापडतात. पाळकीणबाईंना तर विचारायचीही गरज नाही, महिलामंडळ, लहान मुलं, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं त्याच पगारात येतं.

आता समजा एखादा सेवक खरंच थकला. असले प्रकार पूर्वीही झालेत, 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, आणि देवदूताने काय करावं, तर त्याला उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं! एक वचन नाही, विश्वास वाढवा म्हणून सांगणं नाही, काही नाही. आपण असं करायचं नाही. आपण म्हणायचं 'आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतो', आणि त्याच दमात पुढच्या शनिवारच्या कार्यक्रमाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात मारायची.

अहरोन आणि हूर यांच्याबद्दल तर मला फारच वाईट वाटतं. निर्गम 17, खाली अमालेकी लोकांशी लढाई चाललीये, वर टेकडीवर मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकतंय पण ते हात जड झालेत, आणि ह्या दोघांनी एक दगड आणला, त्याला त्यावर बसवलं आणि दोन बाजूंनी दोघं त्याचे हात धरून सूर्य मावळेपर्यंत उभे राहिले. एकानेही 'मोशे, तुमच्यामुळे आम्हाला किती आशीर्वाद मिळतो' असं म्हटल्याची नोंद नाही. किती रुक्ष माणसं! आपल्याकडे असते तर निदान दोन शब्द बोलले असते, खाली उभं राहून, माईकवरून. (हात धरण्याच्या ड्युटीसाठी यादी फिरवली असती, ती कोरीच परत आली असती, ते वेगळं.)

आभार मानताना नावं घेऊ नका, फार वेळ जातो. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात पौल पंचवीसेक जणांची नावं घेत बसलाय, शिवाय कोणी काय केलं ते पण, फिबीने कितीजणांना मदत केली, कोणी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी प्रभूमध्ये किती कष्ट केले. एवढं सगळं आठवायचं म्हणजे वर्षभर बघत बसायला लागतं की कोण काय करतंय! त्यापेक्षा 'ज्ञात-अज्ञात हातांचे आभार' म्हणा, चार सेकंदात सुटका, आणि माईक लावणाऱ्या दादाचं नाव आपल्याला माहीत नाही हे कळत पण नाही.

फोटो लगेच ग्रुपवर टाका, खाली हात जोडलेले इमोजी, तीन पुरतात. खुर्च्यांकडे बघू नका, तुम्ही गेटपाशी पोचेपर्यंत पाळक आणि तो माईकवाला दादा उचलायला लागलेले असतात. मागे वळून हात करा. तिथूनच.